लाइपझिगमध्ये मेंडेल्सोनच्या घरी, बाबांना घेऊन

जर्मनीतल्या लाइपझिगला लोक जातात ते बाख या जुन्या संगीतकारासाठी, आम्हीपण थॉमस चर्चमध्ये त्याच्या समाधीपाशी जाऊन आलोच, पण मला या गावात बघायचा होता एकोणिसाव्या शतकातला संगीतकार आणि कंडक्टर फेलिक्स मेंडेल्सोन. इंग्रजी पिक्चरमध्ये लग्न लागलं की नवरा-नवरी चर्चमधून बाहेर पडताना जी धून वाजते ना, ती याची. बहुतेकांची ओळख तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते.

बर्लिनहून फास्ट ट्रेनने सव्वा तास लागतो. आईचे गुडघे कुरकुरत होते म्हणून ती घरीच थांबली, मग मी आणि बाबा. बाबा बँकेतून रिटायर झालेत, पण बँकेपेक्षा जास्त युनियनमध्ये होते असं आई म्हणते. वेस्टर्न क्लासिकलशी त्यांचा काही संबंध नाही. ट्रेनमध्येच त्यांनी विचारलं, "हा ऑर्केस्ट्रासमोर हात हलवणारा कंडक्टर स्वतः तर काहीच वाजवत नाही, मग याला पगार कशाचा देतात?"

प्रश्न भारी आहे, कारण लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्राचं काम बरीच वर्षं वेगळ्या कंडक्टरशिवायच चालायचं. मूळ गेवांडहाउस म्हणजे कापड व्यापाऱ्यांची इमारत, तिथे 1781 पासून कॉन्सर्टचा हॉल होता, आणि सिंफनी (पूर्ण ऑर्केस्ट्राची मोठी रचना) असली की पहिला व्हायोलिनवाला जागेवरूनच सगळ्यांना सांभाळून घ्यायचा. 1835 मध्ये 26 वर्षांचा मेंडेल्सोन आला आणि हातात बॅटन, म्हणजे कंडक्टरची छोटी काठी, घेऊन समोर उभा राहिला. तोवर त्याच्या नावावर बरंच काही होतं, सोळाव्या वर्षी आठ वाद्यांचं ऑक्टेट, सतराव्या वर्षी शेक्सपिअरच्या मिडसमर नाइट्स ड्रीम नाटकासाठी ओव्हर्चर (सुरुवातीचं संगीत), आणि 1829 मध्ये बर्लिनला बाखचं सेंट मॅथ्यू पॅशन (येशूच्या मृत्यूच्या कथेवरची मोठी गायन-रचना) त्याने विसाव्या वर्षी पुन्हा उभं केलं, जे बाख गेल्यावर जवळपास विस्मरणात गेलं होतं. म्हणजे आज आपण बाखच्या समाधीपाशी रांग लावतो त्यात या पोराचा मोठा वाटा आहे.

थॉमस चर्चच्या बाहेर मेंडेल्सोनचा पुतळा आहे. दिसतो जुना, पण आहे 2008 मधला. मूळ पुतळा 1892 मध्ये गेवांडहाउससमोर बसवलेला. मेंडेल्सोन जन्माने ज्यू (आजोबा मोझेस मेंडेल्सोन म्हणजे मोठे तत्त्वज्ञ), लहानपणीच बाप्तिस्मा झालेला, पण नाझींना त्याच्याशी काय घेणंदेणं. नोव्हेंबर 1936 मध्ये महापौर कार्ल गोर्डेलर बाहेरगावी असताना रातोरात पुतळा काढून टाकला. गोर्डेलर परत आला, पुतळा परत बसवा म्हणाला, कोणी ऐकेना, तर त्याने राजीनामा दिला. पुढे हिटलरविरुद्धच्या कटात तो सापडला आणि 1945 मध्ये त्याला मारलं. बाबा पाटी बघत बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "एका पुतळ्यासाठी खुर्ची सोडली!"

घर गोल्डश्मिटश्ट्रासंवर 12 नंबरला आहे, ऑगस्टुसप्लाट्झवरून आरामात चालत जाता येतं. 1845 पासून तो बायको सेसिल आणि मुलांबरोबर इथे राहिला. लाकडी जिना, मोठ्या खिडक्या, भिंतीवर त्याने स्वतः काढलेली वॉटरकलर चित्रं, आणि ती हौशी वगैरे नाहीत हां, स्वित्झर्लंडचे डोंगर काय काढलेत! एका माणसाला इतकं सगळं यावं याचा थोडा रागच येतो.

वर त्याची मोठी बहीण फॅनी हिच्यावर वेगळा भाग आहे आणि मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवला. ती तितकीच तयारीची, पण वडिलांनी तिला लहानपणीच लिहून कळवलं की फेलिक्ससाठी संगीत हा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र तो दागिनाच राहील. तिची काही गाणी फेलिक्सच्या नावाने छापली गेली. 1842 मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्याच्यासमोर आवडीने एक गाणं गायलं ते नेमकं फॅनीचं निघालं, आणि त्याला ते कबूल करावं लागलं. मे 1847 मध्ये फॅनी गेली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये हा, याच घरात, 38 व्या वर्षी.

खाली एक खोली आहे जिथे आपण कंडक्टर व्हायचं. समोर उभे खांब, एकेक खांब म्हणजे ऑर्केस्ट्राचा एकेक भाग, आपण बॅटन हलवायची तसा स्पीड बदलतो. बाबांनी आधी नको नको केलं, मग जे सुरू केलं ते मागे दोन जर्मन पोरं ताटकळत उभी राहिली तरी सोडेनात, एवढा वेळ की शेवटी मीच हात धरून बाजूला केलं. बॅटनवरून एक किस्सा, 1843 मध्ये फ्रेंच संगीतकार बर्लिओझ लाइपझिगला आला तेव्हा दोघांनी आठवण म्हणून बॅटनी बदलल्या, मेंडेल्सोनची नाजूक आणि बर्लिओझची म्हणजे चक्क सोटा.

पण बाबांना मेंडेल्सोन पटला तो वेगळ्याच कारणाने. मी त्यांना वाचून दाखवलं की हा माणूस ऑर्केस्ट्रातल्या वादकांचे पगार वाढावेत म्हणून मागे लागला होता आणि 1839 मध्ये 500 थालरची (तेव्हाचं जर्मन चलन) वाढ पदरात पाडून घेतली. तेव्हा हयात नसलेल्या शूबर्ट या संगीतकाराची मोठी सी मेजर सिंफनी, जी संगीतकार शूमानला व्हिएन्नात शूबर्टच्या भावाकडे धूळ खात पडलेली सापडली, ती पहिल्यांदा लोकांसमोर वाजवली तीपण याच वर्षी, याच लोकांकडून. नंतर एका न्यायाधीशाने मृत्युपत्रात राजाकडे सोडलेले 20,000 थालर कसे वापरावेत यावर मेंडेल्सोनने अर्ज केला आणि त्यातून 1843 मध्ये लाइपझिगची कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीताचं कॉलेज, उभी राहिली.

"म्हणजे हा युनियनचा माणूस," बाबा म्हणाले आणि दुकानातून एक सीडी घेतली, घरी सीडी प्लेयर नाही हे माहीत असून.

रविवारी सकाळी 11 वाजता घरातल्या त्याच्याच दिवाणखान्यात छोटी कॉन्सर्ट असते, खुर्च्या कमी असतात त्यामुळे जाणार असाल तर तिकीट आधीच काढा. आम्ही शनिवारी गेलो होतो.