खिलार बैलजोडीचा साचा तयार, आता शिंगांचं काम

बेंदूर आलाय जवळ, आणि यंदा घरच्या पूजेची मातीची बैलजोडी स्वतःच्या साच्यातून काढायची असं ठरवलंय, तर इथं सांगलीत काम कुठवर आलंय ते लिहितो.

मूळ बैल शाडूत करून झाला. खिलारच केला, आटपाडीकडं दिसतो तसा, लांब निमुळता चेहरा, ताठ मान, भरलेलं वशिंड. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, दोन भागांचा, सांधा कपाळावरून वशिंडावर, मग पाठीच्या मधोमध शेपटीपर्यंत आणि खालनं पोटावरून. पायांमधली पोकळी आधीच मातीनं भरून टाकली कारण तिथं प्लास्टर शिरलं की पायांच्या आतनं अडकतं आणि मग साचा सुटायचं नाव घेत नाही. बैल दाबून काढला की कडक झाल्यावर ती माती तारेनं कापून काढायची, पाय मोकळे होतात.

प्लास्टर एक लिटर पाण्याला साधारण १.४ किलो घेतलं. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, उलटं नाही, मिनिटभर भिजू द्यायचं आणि मगच हलवायचं म्हणजे बुडबुडे कमी होतात. पहिल्या भागाच्या कडेला खाचा कोरल्या, त्यावर साबणाचं पाणी दोन-तीनदा नीट लावलं आणि दुसरा भाग ओतला. उरलेलं प्लास्टर मोरीत अजिबात ओतू नका, पाईपात दगड होतो त्याचा.

आता खरी गोष्ट सुकवण्याची, आणि मला वाटतं ह्या कामात सगळ्यात जास्त लक्ष इथंच द्यायला पाहिजे. त्या एक लिटरातलं जेमतेम पाव लिटर पाणी प्लास्टर घट्ट होताना स्वतःत धरून ठेवतं, बाकीचं पाऊण लिटर उडून जायला लागतं, आणि ते गेल्यावर आत जी बारीक छिद्रं राहतात तीच पुढं मातीतलं पाणी ओढून घेतात, म्हणून तर माती आकसून साच्यापासून आपोआप सुटते. ओला साचा माती सोडत नाही. सध्या पावसानं हवा दमट आहे त्यामुळं साचा फॅनखाली उभा ठेवला आणि रोज वजन केलं, वजन उतरायचं थांबलं की वाळला समजायचं. चुलीजवळ वगैरे ठेवू नका, पन्नास अंशाच्या वर प्लास्टर हळूहळू भुसभुशीत होतं.

पहिला बैल निघाला, वशिंडाची गोलाई अशी सुरेख आलीय की बघतच बसलो! सांध्याची रेघ ओल्या स्पंजनं पुसली.

शिंगं मात्र साच्यात घेतलीच नाहीत. खिलारची शिंगं मागं जाऊन वर वळतात, दोन भागांच्या साच्यातनं ती न मोडता निघणं अवघड, आणि मला ती हातानंच वळायला आवडतात. आत तार घालत नाही, माती आकसते, तार आकसत नाही, मग तडा जातो. मातीत कापूस कुटून घेतो. शिंग आणि डोकं सारख्याच ओलाव्याचं असताना दोन्हीकडं ओरखडे काढायचे, पातळ शाडू लावायचा आणि दाबून बसवायचं.

दुसरा बैल साच्यातच आहे. वाळल्यावर अंगाला रंग देणार नाही, शाडूचा पांढुरका रंगच खिलारला शोभतो, फक्त शिंगांना हिंगूळ आणि पाठीवर झूल रंगवायची. कापसाऐवजी कुणी कागदाचा लगदा घालून शिंगं केली असतील तर टोकाला किती बारीक नेता आली ते सांगा.