न विचारता

सकाळी सव्वानऊला अनूचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "बाबा, तुम्ही त्यांना पत्र लिहिलंत? मला न विचारता?"

हो म्हणालो. खोटं कशाला बोलू? तिच्या मुलाखतीच्या टेबलावर माझं शिफारशीचं पत्र होतं म्हणे. "माझी मुलगी म्हणून सांगत नाही, पण" हे वाक्य त्यांनी तिच्यासमोर मोठ्याने वाचलं, बाकीचे दोघे हसले, आणि पुढे फक्त माझी तब्येत कशी आहे ते विचारलं. "दोन महिने अभ्यास केला होता हो मी," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

तेव्हापासून कशात लक्ष लागत नाही. काय वाईट केलं मी? लेटरहेड नको म्हणून साधा फुलस्केप घेतला, शाईचं पेन दोनदा धुतलं. पहिल्या कागदावर डाग पडला, दुसऱ्यावर "कर्तव्यदक्ष"चा रफार राहिला, म्हणून तिसरा घेतला. माझ्यासाठी अशा दोन ओळी कुणी लिहिल्या नाहीत. सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तीनदा जाऊन बसलो होतो, उन्हाळ्यात, दादांची ती बॅग घेऊन. दादांचं जाऊ दे.

आणि त्यावर हे ऐकायचं. न विचारता.

दुपारी पडलो तर एलिशा केनचा बाप आठवला. केन म्हणजे उत्तर ध्रुवाकडे गेलेला अमेरिकन डॉक्टर, वर्षभर मी त्याच्याबद्दल वाचतोय. फिलाडेल्फियाचा पोरगा, 1820 चा जन्म. कॉलेजात असतानाच संधिवाताचा ताप आला आणि त्याने हृदय धरलं. पेनिसिलीन नव्हतं त्या काळात अशा मुलांना पुढे काय भोगावं लागे ते मला कुणी सांगायला नको. उद्या उठू की नाही या विचाराने तो रात्री झोपायला घाबरे. बाप जॉन केन, वकील, अमेरिकेचा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन याच्या गोटातला मुरलेला राजकारणी. 1844 साली अध्यक्षपदाच्या उमेदवाराने, पोकने, जकातीबद्दलचं आपलं धोरण एका पत्रात मांडलं, ते याच माणसाला लिहिलेलं. पत्राने काय काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक. मुलाला तो म्हणाला होता, मरायचंच असेल एलिशा, तर कामाला जुंपलेला असताना मर. मुलगा 1842 मध्ये डॉक्टर झाला आणि बापाने नौदलाच्या डॉक्टरकीसाठी परस्पर अर्ज केला. त्याला न विचारता.

हे मी आधीही वाचलं होतं. तेव्हा बाप थोर वाटला होता.

1843 च्या मे महिन्यात ब्रँडीवाइन जहाज चीनला जायला निघालं, पोरगा त्यावर. वाटेत मुंबई. घारापुरी पाहिली, पालखीतून घाट चढून खंडाळ्याला आला, कार्ल्याची लेणी पाहिली, पुण्यापर्यंत गेला. वय तेवीस. बोरघाटात आगगाडी यायला अजून वीस वर्षं होती. आमच्या तळेगावाहून कार्ला किती लांब? अनू सहा वर्षांची असताना तिथल्या पायऱ्यांवर मी तिला उचलून घेतलं होतं. "मी चढते, मी चढते" म्हणून ती पाय झाडत होती. तिची एक चप्पल खाली घरंगळत गेली. मी काही तिला खाली सोडलं नाही.

पुढे केन उत्तर ध्रुवाकडे गेला, दोनदा. दुसऱ्या खेपेला, 1853 साली, 'ॲडव्हान्स' जहाज त्याच्याच ताब्यात होतं. ते बर्फात अडकलं, दोन हिवाळे तिथेच गेले. ताजं अन्न न मिळाल्याने होणाऱ्या स्कर्व्हीने माणसं झिजली. जहाजावरचे उंदीर खायला बाकीच्यांचा जीव होईना. हा खायचा, आणि त्यांच्यापेक्षा बरा राहिला. 1855 च्या मे महिन्यात जहाज सोडलं आणि घसरगाड्या, होड्या ओढत ऐंशीहून जास्त दिवसांनी ग्रीनलंडच्या वस्तीला लागले. 1857 च्या फेब्रुवारीत तो क्यूबातल्या हवानात वारला. सदतीस वर्षांचा. शव नदीमार्गे नेलं तेव्हा काठाकाठाने माणसं उभी होती. पुढच्या फेब्रुवारीत बापही गेला. त्या वर्षभरात तो अर्ज त्याला कितीदा आठवला असेल?

पण पडल्या पडल्या जे लक्षात आलं ते वेगळंच. नौदलात घेण्याआधी केनची परीक्षा झाली होती. आपल्या हृदयाचं दुखणं त्याने परीक्षकांपासून लपवलं नाही, आणि ते ऐकूनही त्यांनी त्याला घेतलं. बापाने दाराची कडी काढली, आत तो स्वतःच्या पायांनी गेला. माझ्या पत्राने अनूची परीक्षाच खाल्ली. दोन महिने वाचलेलं तिच्या डोक्यात तसंच राहिलं, कुणी काही विचारलंच नाही. ती चिडली आहे ती याला. आणि मी सकाळपासून माझा फुलस्केप धरून बसलोय.

संध्याकाळी नीलाला म्हटलं, त्यांना फोन करतो, पत्र फाडून टाका आणि मुलगी म्हणते तशी पुन्हा मुलाखत घ्या म्हणतो. ती वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अनूला विचारलंत का?"

नाही विचारलं. नऊनंतर मोकळी असते ती. तेव्हा विचारतो.