तुम्ही विचारलंत म्हणून: आधी भाकरी, मग काढा

"ताई, घरच्या घरी काय द्यावं?" औसा तालुक्यातल्या आमच्या गावात हा प्रश्न मला जवळपास रोज कुणीतरी विचारतं. लेकरू सोडायला आलेली सून विचारते, आठवडी बाजारात भेटलेल्या मावशी विचारतात, लग्न होऊन पुण्याला गेलेल्या पोरी फोनवर विचारतात. कुणाला खोकल्यावर काहीतरी हवं असतं, कुणाला रक्त वाढायला, कुणाला लेकराला भूक लागायला. तुम्हीही सर्दी-खोकल्यावर घरगुती काढा विचारलात. मी अंगणवाडी सेविका. लेकरांची वजनं घ्यायची, दंडघेर मोजायचा, गरोदर बाईच्या घरी जाऊन तिच्या ताटात काय पडतंय ते बघायचं, हे माझं काम. त्यामुळं माझं उत्तर काढ्यापासून सुरू होत नाही, जोंधळ्याच्या भाकरीपासून होतं.

रब्बीचा शाळू हे आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. पोट साफ राहतं आणि सकाळी खाल्लेली भाकरी रानात दुपारपर्यंत पुरते. आता आमच्या रानांत सोयाबीन आलं. नगदी पैसा लागतो, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण सोयाबीन आडतीवर जातं, ताटात येत नाही. ज्वारीचं रान कमी झालं की घरातली भाकरी कमी होते आणि सकाळी लेकराच्या हातात चहा आणि बिस्किटाचा पुडा येतो. चहा-बिस्किटानं भूक मरते आणि दुपारचं जेवण तसंच राहतं. "लेकरू जेवतच नाही, भुकेचं औषध सांगा" म्हणणाऱ्या आईला मी आधी हाच पुडा बंद करायला सांगते. शिळी भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून द्या, वर थोडं शेंगदाण्याचं कूट घाला. आठ-पंधरा दिवस नेटानं दिलंत तर बहुतेक लेकरांना औषध लागत नाही.

ज्यांच्याकडं रान आहे त्यांना मी घरच्या खाण्यापुरता ज्वारीचा एक पट्टा राखायला सांगते. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचं वाण दिलंय, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. आणि पीठ थोडं थोडं दळून आणा. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना फाटते, कडवट लागते, मग पोरं चपातीच मागतात.

जेवण कसं असावं हे मला कुणाला समजावून सांगायचं असलं तर मी येळवशीचं, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाचं ताट आठवायला सांगते. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला हा सण वेगळा सांगावा लागत नाही. रानात कडब्याची खोप, तिच्यात पूजा, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, भाकरी. भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे सोले, शेंगदाणे, गाजर, मेथी, पात, त्या दिवसांत शिवारात जे जे हिरवं असतं ते सगळं चिंचेच्या कोळात आणि हरभऱ्याच्या पिठात शिजतं. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, शिजवून, लसूण-जिऱ्यानं सजवलेली. म्हणजे दोन धान्यं, तीन-चार डाळी, पालेभाजी, आंबट आणि आंबवलेलं, सगळं एका ताटात. चिंचेच्या आंबटपणानं धान्य-डाळीतलं लोह अंगी लागायला मदतच होते. हे वर्षातून एकदाच का करायचं? सगळा थाट नको, पण भज्जी आणि आंबील महिन्या-पंधरा दिवसांतून घरात व्हावी असं मला फार वाटतं. आंबील उन्हाळ्यात तर हवीच. बाटलीतल्या गोड पाण्यावर उडणाऱ्या पैशात घरभर ताक होतं.

रानभाज्यांबद्दल मला जरा जास्त बोलू द्या, कारण माझा जीव त्यांच्यात आहे. पहिला पाऊस झाला की बांधावर तरोटा, तांदुळजा, कुर्डू, घोळ उगवतात. पुढं रब्बीत ज्वारीच्या रानात पाथरी, हरभऱ्याचा कोवळा पाला, करडईची पानं. तरोटा कोवळा असतानाच खुडायचा, निबर झाला की कडू होतो. पाथरी तर निवडून, धुऊन, वर कच्चं तेल, मीठ आणि कुटलेले शेंगदाणे घालून कच्चीच खावी. हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवला की उन्हाळ्यात ताकातली भाजी होते. अंबाडी उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून वरून लसणाची फोडणी दिली, तर दुसऱ्या कोरड्यासाची गरज उरत नाही. दारातल्या शेवग्याला तुम्ही शेंगांसाठी जपता, पण त्याचा पाला शेंगांपेक्षा मोलाचा आहे. मूठभर पाला रोजच्या वरणात किंवा धपाट्याच्या पिठात टाका, लेकरांना कळतही नाही.

या भाज्या मागं का पडल्या, ते मला म्हाताऱ्या माणसांकडून कळलं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढलेली ही माणसं. तेव्हा पोटाला दुसरं काही नव्हतं म्हणून पाला खाल्ला. त्यांच्या लेखी तरोटा म्हणजे हलाखी. चार पैसे आल्यावर तो घरात कशाला शिजवायचा? त्यांचं दुःख मी समजू शकते. पण त्यांच्या नातवंडांच्या ताटात आता बटाटा आणि वांगं सोडून काही दिसत नाही, आणि बांधावरचा पाला तसाच वाळून जातो. एक काळजी मात्र आजच्या काळाची आहे. सोयाबीनमध्ये तणनाशक मारतात. फवारलेल्या रानातली, किंवा फवारलेल्या रानाच्या धुऱ्यावरची भाजी अजिबात खुडू नका. ज्याचं रान असेल त्याला विचारा, मगच हात लावा. आणि मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी घोळ, पालक जपूनच खावं.

चटण्यांचं थोडक्यात सांगते. जवस, कारळं, तीळ, शेंगदाणे: घरात यांपैकी दोन तरी कायम कुटलेल्या असाव्यात. घाण्यावरचं करडईचं तेल मिळालं तर घ्या, पण तेल कोणतंही असो, हात आखडताच हवा. गुळाबद्दल मला फार विचारतात. चहात साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे शुगरवाल्या माणसाला मोकळीक मिळाली, असं नाही. गूळही साखरच वाढवतो.

आता रक्ताचं. हे मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. मी घरी जाते तेव्हा त्याचं एक कारण चुलीपाशीच दिसतं. भाजी केली जाते, आधी गडी माणसं जेवतात, मग लेकरं, मग सासू. सुनेच्या वाट्याला तवा पुसून घेतलेलं कालवण आणि मिरची-भाकर उरते. मग घरातली भाजी कितीही पौष्टिक असो, जिला तिची सगळ्यांत जास्त गरज आहे तिच्यापर्यंत ती पोचतच नाही. तुम्ही मला रक्तवाढीचा घरगुती उपाय विचारता, तर माझा पहिला उपाय हा: सगळ्यांनी एकत्र बसा. तेवढं जमत नसेल तर गरोदर सुनेची वाटी आधी काढून झाकून ठेवा. सासूबाईंनीच हे हातात घेतलं की घरात कुणी बोलत नाही, हे मी पाहिलंय.

त्या वाटीत पालेभाजी, मोड आलेली मटकी किंवा हुलगे (कुळीथ), खाणाऱ्यांच्या घरी अंडं. वर लिंबाची फोड पिळायची, आणि जेवल्या जेवल्या चहा प्यायचा नाही. लिंबानं लोह अंगी लागतं, चहानं ते अडतं. बीट, खजूर जरूर खावेत, पण गरोदरपणी रक्त (हिमोग्लोबिन) ११ च्या खाली गेलं की नुसत्या खाण्यावर भागत नाही. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या १८० गोळ्या पूर्ण घ्यायच्या. मळमळतं म्हणून, शौचाला काळं होतं म्हणून बायका त्या फडताळात टाकून देतात. काळं होणं हे गोळीमुळंच असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर झोपताना घ्या.

बाळंतिणीला हळिवाची खीर, डिंकाचा लाडू, शेपूची भाजी, बाळंतशेपा हे सगळं आनंदानं द्या. पण तिचं पाणी तोडू नका. दूध यायला पाणी लागतंच. आणि बाळाला? पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पहिला पिवळा चीक फेकायचा नाही, गुटी नाही, मधाचं बोट नाही, उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी नाही. मध तर वर्षाच्या आतल्या लेकराला कधीच नको. त्यातून होणारी विषबाधा तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. या बाबतीत आजीबाईंचं मन मोडावं लागलं तरी मी मोडते.

आता तुमचा खरा प्रश्न, सर्दी-खोकल्याचा. माझ्या घरी पावसाळ्यात हुलग्याचं माडगं होतं. हुलगे खरपूस भाजून दळून आणायचे. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं, गुठळी होऊ न देता शिजवायचं, त्यात सुंठ आणि गूळ, किंवा ज्यांना गोड नको त्यांनी लसूण, जिरं, मीठ. गरम गरम प्यायलं की छाती मोकळी झाल्यासारखी वाटते, आणि तोंडाची चव गेलेल्या माणसाच्या पोटात चार घास ताकदीचं जातं. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळेही त्याच दिवसांतले. घसा दुखत असेल तर कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या. वर्षावरच्या लेकराला रात्रीच्या खोकल्यावर अर्धा चमचा मध. गवती चहा, आलं, तुळस यांचा चहा दिवसातून एकदा-दोनदा, बस. कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा लोकांनी महिनोन्‌महिने घेतला, आणि त्यातल्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. झाडाचं आहे म्हणून ते कितीही चालतं असं नसतं. लेकराला पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नका. पातेलं कलंडून लेकरं भाजतात.

हळद आपल्याच भागातली घ्या. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन आहे. शक्यतो हळकुंडं आणून दळून घ्या, कारण सुट्या हळदपुडीत रंग उजळायला शिशाचा रंग मिसळलेला सापडतो, आणि शिसं लेकरांच्या मेंदूला घातक असतं. जिभेला शिसं कळत नाही.

जुलाबाचं मात्र पाठच करा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त पडू देऊ नका. आशाताईकडून जलसंजीवनीची पुडी मिळाली तर ती आधी वापरा, आणि जस्ताच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, मोठ्याला ताक-भात, कण्यांची पेज द्यायची. जुलाबात लेकराला उपाशी ठेवतात, त्यानं ते आणखी खंगतं.

आमच्याकडं पाण्याचं दुखणं जुनंच आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकरचं, साठवलेलं पाणी प्यावं लागतं तेव्हा तुरटी फिरवून भागत नाही. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी उकळा, किंवा क्लोरीन टाका, आणि ओगराळ्यानंच घ्या. रांजण, टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या करून घासा, डेंग्यूचा डास साठवणीच्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

आणि काही ठिकाणी घरातलं काहीच लावायचं नाही. भाजलं तर टूथपेस्ट नको, हळद नको, साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. लेकराला धाप लागली, ते दूध ओढेना, निपचित पडलं, झटके आले, तर काढा उकळत बसू नका. साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका. चावलेला हात-पाय हलू न देता सरकारी दवाखाना गाठा, सापाच्या विषावरची लस तिथं असते. विंचवाचंही तेच. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी महाडला राहून विंचूदंशावर काम केलं आणि प्राझोसिन या औषधानं जीव वाचतात हे दाखवून दिलं. दरदरून घाम आला, हातपाय गार पडले की विष उतरवणाऱ्याकडं जाण्यात वेळ घालवू नका, हे औषध वेळेत पडायला हवं. १०८ आणि तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर चुलीजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे मोठी माणसं रानात असताना घरातल्या शाळकरी पोरालाही फोन लावता येईल.