टीव्हीवर बघितलेली एमजीबी घेतली, त्याचा अनुभव

तर झालं असं की एका रात्री झोप येत नव्हती म्हणून टीव्ही लावला आणि जुन्या गाड्या घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या अशा शोंपैकी एकाचा एपिसोड लागला होता. गाडी होती 1966 ची एमजीबी (ब्रिटनच्या एमजी कंपनीची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार), उघड्या टपाची, आणि शेवटी जेव्हा ती चकचकीत लाल रंगात बाहेर आली आणि तो होस्ट दार न उघडता सरळ वरून उडी मारून सीटवर बसला ना, तिथेच माझी विकेट पडली. बायको शेजारी अर्धवट झोपेत होती, म्हणलं ही गाडी बघ, ती म्हणाली "हं, छान आहे, आवाज कमी कर."

आता हे आधीच सांगतो की मला गाड्यांमधलं फार कळत नाही. म्हणजे वाचन भरपूर आहे, हात काळे करण्याचा अनुभव जवळपास शून्य. एमजीबी 1962 ते 1980 बनत होती, पाच लाखांच्या वर बनल्या, पार्ट्स आजही मिळतात, अख्खी बॉडीसुद्धा नवीन बनवून मिळते, हे सगळं मला पाठ होतं. त्यामुळे माझं लॉजिक असं होतं की गाडी सोपी आहे, पार्ट्स मिळतात, आणि ही तर टीव्हीवर माझ्या डोळ्यांदेखत दुरुस्त झालेली, म्हणजे अजून काय पाहिजे.

पहिला धक्का हा की एपिसोड लागतो तेव्हा गाडी विकायला नसतेच. शूटिंग होऊन कित्येक महिने झालेले असतात. मी शोवाल्यांना मेल टाकला, काही आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की गाडी प्रसारणाच्या आधीच विकली गेली आणि घेणाऱ्याची माहिती देता येणार नाही. बरोबरच आहे म्हणा, माझी माहिती कुणी अशी दिली तर मला तरी चालेल का.

मग मी रोज जाहिराती बघायला लागलो. चार महिन्यांनी एक दिसली, "टीव्हीवर झळकलेली", आणि किंमत तशाच चांगल्या कंडिशनच्या इतर एमजीबींपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त. फोन केला. शोनंतर गाडी दोन हात फिरली होती, हा दुसरा. पहिल्याने जेमतेम एक उन्हाळा चालवून विकली होती, हे ऐकून खरं तर कान टवकारायला हवे होते, पण मी तेव्हा प्रेमात होतो.

इथे आमच्या मामाची एंट्री. मामाने आयुष्यभर गॅरेजमध्ये काम केलंय, आता रिटायर्ड. त्याला एपिसोड दाखवला तर तो शेवटचं बघायच्या ऐवजी मधलाच भाग तीनदा मागे घेऊन बघत बसला. म्हणाला, "अरे हे बघ, इथे गंजलेली सिल दाखवली, मग ब्रेक, मग एकदम रंग. वेल्डिंग कुठंय?" (सिल म्हणजे दाराखालचा लांब पत्रा, त्याबद्दल पुढे.) मी म्हणलं मामा, एडिटिंगमध्ये कापलं असेल, पाऊण तासात किती दाखवणार. मामा म्हणाला, "कापलं असेल नाहीतर केलंच नसेल."

खरं सांगायचं तर या शोंचं गणितच वेगळं असतं. व्हीलर डीलर्स हा ब्रिटिश शो घ्या (माझी गाडी त्या शोमधली नाही, आधीच क्लिअर करतो), 2003 पासून चालू आहे आणि मी त्याचा फॅन आहे. होस्ट माईक ब्रूअर शेवटी घेतल्याचा भाव, पार्ट्सचा खर्च आणि विकल्याचा भाव सांगतो, पण त्यात मेकॅनिकने (बरीच वर्षं एड चायना) गाडीखाली घातलेल्या तासांची मजुरी कुठेच धरलेली नसते. बघायला मजा येते, पण ते आकडे डोक्यात ठेवून आपण बजेट करायला बसलो की मेलो. मी बसलो होतो.

बघायला जायच्या आधी दोन कामं केली. एक, ही तीच गाडी कशावरून? नंबर प्लेट तर काय, कोणीही लावेल. पडद्यावरच्या गाड्यांच्या बाबतीत हा घोळ जुनाच आहे. ड्यूक्स ऑफ हॅझर्ड या जुन्या अमेरिकन सिरीयलमध्ये ती नारिंगी डॉज चार्जर एकच वाटते, पण शूटिंगमध्ये शेकडो चार्जर वापरल्या आणि बऱ्याच उड्या मारून भंगारात गेल्या, त्यामुळे "हीच ती" म्हणणाऱ्याकडे पुरावा मागावाच लागतो. मी एपिसोड पॉज करून करून स्क्रीनशॉट काढले. डॅशबोर्डवर रेडिओच्या बाजूला एक चुकीचा स्क्रू, बाकी सगळे काळे आणि तो एकटाच पितळी. स्टिअरिंगला साधारण चारच्या काट्यावर एक चीर. म्हणलं हे दोन सापडले तर गाडी तीच.

दुसरं, विकणाऱ्याला हेरिटेज सर्टिफिकेट मागवायला लावलं. ब्रिटनमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, तिथे फॅक्टरीच्या मूळ नोंदी जपून ठेवल्यात. त्यावरून ते गाडी कधी बनली, कुठे पाठवली, मूळ रंग काय, इंजिन नंबर काय हे लिहून देतात. तो जरा कुरकुरला, "टीव्हीवर आलीय, अजून कसला पुरावा", पण मागवलं. माझा सल्ला विचाराल तर या एका कागदाशिवाय पुढे जाऊच नका, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं.

कागद आला आणि आम्ही गेलो. पितळी स्क्रू होता. स्टिअरिंगची चीर होती. मी इतका खूश झालो की मामाने दंडाला धरून बाजूला घेतलं आणि "तोंड सरळ ठेव" म्हणाला.

चेसिस नंबर जीएचएन3 ने सुरू होत होता, कागदाशी जुळला. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनच्या साइजचा गट, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी, आणि 3 ही मालिका. इथवर ठीक. मग इंजिन नंबर. कागदावर 18जीबी, जे त्या वर्षांचं पाच बेअरिंगवालं इंजिन. मामाने इंजिनवरच्या पट्टीवरचं ऑइल फडक्याने पुसलं, टॉर्च मारला आणि मला नुसतं बोट दाखवलं. 18व्ही. ही इंजिनं 1970 च्या दशकात आली. म्हणजे 1966 च्या गाडीत पाच-सहा वर्षांनी तरुण इंजिन, आणि एपिसोडमध्ये होस्ट तीनदा "ओरिजिनल इंजिन" म्हणतो. मुद्दाम खोटं बोलला की त्याला माहीतच नव्हतं, देव जाणे.

दोन्ही 1798 सीसीच, चालायला काही फरक पडत नाही. मामाने कोल्ड स्टार्ट केला, गरम होऊ दिलं, ऑइल प्रेशर बघितलं, चालताना काटा 60 च्या जवळ, आयडलला 20 च्या आसपास. चारही सिलिंडरचं कंप्रेशन जवळजवळ सारखं. मला हळूच म्हणाला, "इंजिन झकास आहे. फक्त गोष्ट खोटी आहे."

रंगाची गंमत तर अजून वेगळी. कागदावर मूळ रंग ओल्ड इंग्लिश व्हाइट. एमजीबीत बॅटऱ्या सीटच्या मागे असतात, तेव्हाच्या मॉडेलला सहा-सहा व्होल्टच्या दोन आणि अर्थ पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, सगळं उलटं. तिथलं झाकण उचललं तर आतल्या कडेला लाल रंग संपत होता आणि खाली सायीसारखा पिवळट पांढरा, एका ठिकाणी नखाने खरवडलं तर मध्ये हिरव्याचाही एक पापुद्रा. म्हणजे ही बाई तीनदा कपडे बदलून आलेली.

आता मुख्य भाग, सिल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दाराच्या खाली जो लांब पत्र्याचा पट्टा दिसतो तो सिल. या गाडीला वेगळी चेसिस नाही आणि डोक्यावर टपही नाही, त्यामुळे अख्ख्या गाडीचा ताठपणा त्या सिलवर असतो. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधला, असे थर असतात. बाहेरचा नवीन लावून रंग मारला की आत काय कुजलंय ते दिसतच नाही.

मामाने खिशातून चुंबक काढलं, रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळलं आणि सिलवरून फिरवत गेला. पुढच्या बाजूला टक्क करून चिकटलं, मध्ये चिकटलं, आणि मागच्या चाकाच्या जवळ आल्यावर हातातून सुटल्यासारखं खाली घसरलं. तिथे पत्रा नव्हता, पुट्टी होती, चांगली चार बोटं रुंद. विकणारा म्हणाला थोडी पुट्टी सगळ्याच जुन्या गाड्यांना असते. मामा काही बोलला नाही. जॅक मागितला.

ड्रायव्हरचं दार आधी उघडून बंद केलं तेव्हाच जरा उचलून लावावं लागत होतं, विकणारा म्हणाला बिजागरी जुनी आहे. मग मामाने त्या बाजूने गाडी जॅकवर घेतली. मी दाराच्या मागच्या फटीत डोळा लावून बसलो होतो, कारण मला तेच काम दिलं होतं. जॅकचं हँडल फिरत गेलं तशी ती फट वरच्या बाजूला बारीक होत गेली, आधी करंगळी जाईल एवढी होती, मग पोस्टकार्ड जाईल एवढी, आणि मग दाराचा पत्रा मागच्या पत्र्याला टेकला. मामा म्हणाला आता उघड दार. उघडेना. चाक जमिनीवरून उचललेलं आणि गाडी मधून वाकलेली, आणि हे मी माझ्या डोळ्यांनी बघतोय. विकणाऱ्याचा चेहरा उतरला, आणि मला वाटतं त्यालाही खरंच माहीत नव्हतं, त्यानेही माझ्यासारखाच एपिसोड बघून घेतली होती.

बाकी किरकोळ गोष्टी पटापट सांगतो. टायरची नक्षी नव्यासारखी, पण कडेवरचे शेवटचे चार आकडे 0809, म्हणजे 2009 च्या आठव्या आठवड्यातले, चारही फेकायचे. पेट्रोलचे रबरी पाइप जुने, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकणारे नाहीत. ओव्हरड्राइव्ह (हायवेसाठीचा जादा गिअर) लागत नव्हता, पण ती वायरिंगची भानगड निघाली. पुढच्या सस्पेन्शनला ग्रीस कधी मारलं होतं कुणास ठाऊक.

मामाचं मत, "सोडून दे." बायकोचं मत, "तू बघ." मी दोन दिवस जेवलो नाही म्हणलं तरी चालेल. शेवटी एका वेल्डरकडून दोन्ही बाजूच्या सिल आतपर्यंत कापून नवीन बसवायचा लेखी अंदाज घेतला आणि विकणाऱ्याला फोन केला. म्हणलं हे बघा, टीव्हीचे जे जास्त लावलेत ते मी देणार नाही, इंजिन मूळचं नाही त्याचे थोडे कमी करा, आणि हा सिलचा खर्च वजा करा. तो चिडला, फोन ठेवला. अकरा दिवसांनी त्याचाच फोन आला. बाकीचे बघायला येणारे एपिसोडचं कौतुक करायचे आणि जायचे म्हणे.

"टीव्हीवर आली" याला किंमत असते का? असते, पण गाडीच शोची हिरो असेल तर. 1966 च्या बॅटमॅन सिरीयलमधली बॅटमोबाईल 2013 मध्ये लिलावात गेली तेव्हा लोकांनी अक्षरशः उड्या टाकल्या, कारण तशी ती एकच, जॉर्ज बॅरिसने लिंकन फ्युच्युरा नावाच्या, प्रदर्शनासाठी बनवलेल्या एका गाडीवर बनवलेली. माझी एमजीबी एका एपिसोडची पाहुणी. पुढच्या आठवड्यात तिथे दुसरी गाडी होती.

गाडी चालवत आणली नाही, ट्रेलरवर आणली. इन्शुरन्स ठरलेल्या किमतीचा घेतला, म्हणजे गाडी गेली तर किती देणार ते आधीच लिहून, नाहीतर कंपनी तिला नुसती एक जुनी गाडी समजते. त्यासाठी फोटो आणि ते सर्टिफिकेट उपयोगी पडलं. सिलच्या कामाला वेल्डरने पाच आठवडे सांगितले, लागले चौदा. कापल्यावर आत जे निघालं त्याला पत्रा म्हणणं म्हणजे पत्र्याचा अपमान, हातात घेतलं की भुगा. टीव्हीवाल्यांनी (की त्यांच्या आधीच्या कुणी, मी शपथेवर सांगू शकत नाही) जुन्या सिलवरच नवीन पट्टा चढवला होता.

आता गाडी रस्त्यावर आहे. चावी फिरवली की मागून फ्युएल पंपाची टकटकटक सुरू होते, कार्ब्युरेटर भरले की हळू होत बंद पडते, मग स्टार्टर मारायचा. एकदा टकटक थांबेचना, बॉनेट उघडलं तर पुढच्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळत होतं, नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा. एकदा टकटक आलीच नाही, तर मामाने शिकवल्याप्रमाणे पंपाला हातोडीच्या दांड्याने एक हलकीशी दिली, सुरू झाला. रंग लाल ठेवायचा की परत ओल्ड इंग्लिश व्हाइट करायचा यावरून घरात दोन पार्ट्या आहेत, तूर्तास पैसे नाहीत म्हणून लाल.

परवा तोच एपिसोड रिपीट लागला. यावेळी मी, बायको आणि मामा, तिघं बसून बघितला. शेवटी तो होस्ट दारावरून उडी मारून आत बसला, आणि मामा एवढ्या जोरात हसला की शेजारच्या खोलीतून पोरगी बघायला आली काय झालं. म्हणाला, "मागे घे, पहिल्यापासून लाव." लावला. पाऊण तासात ड्रायव्हरचं दार उघडताना एकदाही दाखवलेलं नाही.