टीपा लिहा : ह्युएन त्संग (४ गुण)

मंगळवार, रात्री साडेअकरा

शनिवारपासून एकच डोक्यात घोळतंय. मी मान का हलवली?

वर्कशॉप तसं बरं झालं. शाळेच्या लायब्ररीत चौदा-पंधरा शिक्षक होते, बहुतेक सहावी-सातवीला जगाचा इतिहास शिकवणारे. माझं अर्ध्या तासाचं ‘भारत’ नावाचं भाषण सकाळीच उरकलं. (चाळीस स्लाइड. रांगोळीच्या तीन. नको होत्या, कळतं मला.) मग सगळे टेबलांभोवती बसून आपापले पाठ आखायला लागले आणि मी मदतनीस म्हणून एका टेबलाशी. तिथल्या बाई माझ्याच वयाच्या, गळ्यात चष्मा लटकलेला, डब्यात गाजराचे तुकडे. श्वान-झांग असा प्रवास करत आला, श्वान-झांगने हे लिहून ठेवलं, असं त्यांचं चाललेलं. मी मान हलवतेय. मनात एवढंच, की श्वान? असं नाव कोण ठेवतं?

दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, “तुमच्या भागातही आला होता ना तो? तुमच्याकडे काय सांगतात त्याच्याबद्दल?”

“हो हो, खूप प्रसिद्ध आहे आमच्याकडे.”

घरी येताना एक्झिट चुकली आणि तेव्हाच ट्यूब पेटली. ह्युएन त्संग! हर्षवर्धनाच्या धड्यातला. पाठीवर पोथ्यांचं ओझं, डोक्यावर छत्रीसारखं काहीतरी. मी त्या चित्राला पेनने मिश्या काढल्या होत्या.

आता नाव नाही ओळखलं तर नाही ओळखलं. हल्लीच्या पुस्तकांत म्हणे युआन श्वांग लिहितात, म्हणजे तेही वेगळंच. सलतं ते नाव नाही. “कोण हो हा?” एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत, ते सलतं. ‘तिकडची’ म्हणून बोलावलंय, मग तिकडचं सगळं यायलाच हवं. तिकडचं म्हणजे किती? नॉटिंगहॅमला होतो तेव्हा एशियन म्हणजे आपण. इथे अमेरिकेत एशियन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चीन-जपान-कोरिया. शिक्षकांना आशिया शिकवणारी जी मोठी संस्था इथे १९९८ पासून आहे, नॅशनल कन्सॉर्शियम फॉर टीचिंग अबाउट एशिया, तिचाही भर पूर्व आशियावरच. बाईंनी तिचा तीस तासांचा सेमिनार केलेला. उच्चार तिथूनच आला असणार. तीस तास! नोकरी, पोरं सांभाळून. आणि मी जन्माच्या भांडवलावर बसलेली.

अ. म्हणाला, “एवढं काय त्यात.” त्याला कशातच काही एवढं नसतं. जाऊ दे.

रविवारी आईला फोन केला. तिला म्हटलं, ह्युएन त्संग आठवतो? “आठवतो म्हणजे? टीपा लिहा, चार मार्क. चिनी प्रवासी एक, नालंदा एक, हर्ष एक, आणि अक्षर बरं असलं तर एक.” एकतीस वर्षं पेपर तपासलेत तिने. मग म्हणाली, “मला तरी कुठे माहीत होतं गं जास्त. आदल्या रात्री वाचायचं आणि सकाळी शिकवायचं.” तिचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला. विचारायचं राहिलं.

तेव्हापासून रोज रात्री त्याचंच वाचतेय. ६२९ च्या सुमारास चीनमधून निघाला, परवानगी नसताना, लपतछपत. बामियानचे बुद्ध त्याने पाहिले, २००१ मध्ये तालिबानने उडवले तेच. ६४५ मध्ये परतला तेव्हा बरोबर ६५७ ग्रंथ. आणि मध्ये कधीतरी, ६४१ च्या आसपास, आपल्याकडे. तेव्हा चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचं राज्य. लोक कसे, तर उपकार न विसरणारे आणि अपमानही न विसरणारे. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवून. लढाईआधी योद्धे दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात! हरलेल्या सेनापतीला बायकांचे कपडे देतात. डोंगरातल्या एका विहाराबाहेरचे दगडी हत्ती कधी कधी ओरडतात आणि धरणी हादरते, असंही त्याने ऐकलेलं लिहिलंय. हा विहार म्हणजे अजिंठा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी आहेत तसे हत्ती. आमची सहल तिथे गेली होती. मला त्यातलं फक्त माकडाने पळवलेलं दप्तर आठवतं.

झिंगलेला हत्ती सोडून हर्षाची तारीख चार मार्कांत कोणी बसवली?

बाईंची खरी अडचण वेगळीच होती, आणि ती मी मान हलवण्याच्या नादात धड ऐकलीही नाही. त्यांचा एक आठवडा भारताचा, पुढचा चीनचा. आणि हा माणूस दोन्हींच्या मध्ये पडतो. तास पंचेचाळीस मिनिटांचा. त्यांना स्लाइड नकोतच. एक परिच्छेद, एक चित्र, सीमा नसलेला कोरा नकाशा, बस्स.

म्हणून काल रात्री मेल लिहिली. हत्तींचा परिच्छेद, आणि मुलांना विचारायला तीन प्रश्न : हे कोण लिहितोय, कोणासाठी, आणि यातलं त्याने स्वतः पाहिलेलं किती, ऐकलेलं किती. शेवटी एक ओळ खोडून, पुन्हा घालून, पुन्हा खोडून अखेर ठेवली : शनिवारी तुम्ही कोणाबद्दल बोलत होतात ते मला कळलंच नव्हतं.

सकाळी उत्तर. ठीक आहे म्हणे, तुम्ही तुमच्या भाषणात तीनदा ‘चालुक्य’ म्हणालात, मीही मानच हलवत होते. तो शब्द आणि ‘पुलकेशी’ रेकॉर्ड करून पाठवाल का, वर्गात चुकायला नको.

धाकटी झोपलीय, म्हणून बाथरूममध्ये उभं राहून रेकॉर्ड केलं. पु-ल-के-शी. पहिल्यांदा नळ ठिबकताना ऐकू येतोय. दुसऱ्यांदा मीच ‘पुलाकेशी’ म्हणाले, इथल्यासारखं. चौथा प्रयत्न पाठवलाय.