फोकर डी.२१, १/७२ : रंग झाला, पाय अजून बाकी

फोकर डी.२१ या जुन्या लढाऊ विमानाचं १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) मॉडेल किटमधून जोडतोय. मागच्या नोंदीत पंख जोडून थांबलो होतो. आता प्रायमर, पोटाचा फिका राखाडी आणि पाठीचा ऑलिव्ह हिरवा झालाय. रंगपत्रिकेत काळे पट्टे आणि पिवळा पट्टाही आहे, पण पिवळं आलं १९४१ पासून. मी करतोय ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० मधलं फिनलंडचं सोव्हिएत संघाशी झालेलं हिवाळी युद्ध. पिवळी बाटली उघडलीच नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला पाठच्या धडाने. खऱ्या विमानात तिथे पोलादी नळ्यांवर ताणलेलं कापड. किटवाल्यांनी मात्र उपाशी बैलासारख्या बरगड्या काढल्यात. आधी ६००, मग १२०० च्या पॉलिश पेपरने हळूहळू उतरवल्या. तिरका उजेड पाडल्यावरच दिसाव्यात, एवढ्या ठेवल्या.

पायांचा घोळ वेगळाच. या विमानाचे पाय, म्हणजे चाकांचे दांडे, उडताना आत जात नाहीत. १९३९ सालीही हे जुनाट वाटायचं, पण चाकं काढून स्की लावायला हेच सोयीचं, आणि मग गोठलेलं तळंही धावपट्टी होतं. स्की आणि चाकं दोन्ही तासून ठेवलीत. चिकटवायला हात धजत नाही.

नंबर एफआर-९७, फिनिश वैमानिक योर्मा सार्वांतोचं विमान. ६ जानेवारी १९४० ला त्याने साधारण चार मिनिटांत सहा सोव्हिएत डीबी-३ बॉम्बर पाडले, तेही चार मशीनगनवर. बॉम्बरसोबत संरक्षक लढाऊ विमानं नव्हती, हे मात्र विसरू नये. ती असती तर हा संथ फोकर एवढ्या जवळ जाऊ शकला नसता. त्यातही फिनलंडच्या २४व्या स्क्वाड्रनचा प्रमुख मॅग्नुसन आपली माणसं जोडीजोडीने उडवायचा. त्या काळी बरेच देश तिघांच्या घट्ट रचनेत अडकलेले होते. माझ्या मते खरं हत्यार हेच. चाळीसच्या आसपास फोकर घेऊन देश राखायचा, तर दुसरा मार्ग तरी काय?

डिकलने (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणेने) दगा दिला. पांढऱ्या गोलातलं निळं स्वस्तिक पाण्यातच दुभंगलं. (फिनलंडमध्ये ते १९१८ पासूनचं, नाझींशी संबंध नाही, विचारणारे विचारतातच.) एक तुकडा सुईच्या टोकाने सरकवत जागेवर नेला, दुसरा सेटिंग सोल्यूशनमध्ये (डिकल नीट बसवायच्या द्रवात) विरघळला. डाव्या पंखावरचा गोल आता मास्किंग टेप कापून हातानेच रंगवणार.