अडीच फुटांची लाईन

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा शाळेचा निरोप आला आणि त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांपुढे आले ते एकटे गणिताचे सर. पांढरा सदरा आणि खिशात गुंडाळलेली कापडी टेप.

आम्ही मिरज स्टेशनमागच्या वस्तीतली पोरं. १९७१ साली पुणे-कोल्हापूर लाईन ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची झाली, बेळगावकडची त्याहून अरुंद मीटरगेजच राहिली आणि पंढरपूरची बार्शी लाईट ही छोटी रेल्वे तर १९२७ पासून दोन रुळांत अडीच फुटांचीच. तिन्ही लाईनी मिरजेत भेटायच्या, पण एकीचा डबा दुसरीवर चालायचा नाही. म्हणून माल उतरवायचा आणि पलीकडच्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात भरायचा. शेंगा, ज्वारी, साखर, सिमेंट. त्या उतरवण्या-भरण्यावर आमची सगळी वस्ती जगली. माझे आबा तिथेच हमाल होते. हे मी वर्गात कुणाला सांगत नसे.

आठवीत एका शनिवारी सर आम्हाला परवानगी काढून यार्डात घेऊन गेले. टेप धरून आम्ही तिन्ही लाईनींच्या दोन रुळांमधलं अंतर मोजलं : १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर. मग सरांनी विचारलं, "मोठ्या वाघिणीतला माल छोट्या लाईनीवर न्यायचा तर किती वाघिणी लागतील?" कुणालाच सांगता येईना. समोरून आबा पाठीवर गोणी घेऊन येत होते. सरांनी त्यांनाच हाक मारली. मी दोघा-तिघांच्या मागे सरकलो.

आबांनी गोणी खाली टेकवली, टॉवेलनं तोंड पुसलं. "कसला माल हाय, त्यावर हाय सर," म्हणाले आणि शेंगांचं वेगळं, सिमेंटचं वेगळं, असं तोंडी सांगत गेले. सरांनी खडू काढून ते आकडे शेडच्या भिंतीवर लिहिले. आम्हाला म्हणाले, "वहीत उतरवून घ्या."

मी पुढे झालो. "सर, हे माझे आबा."

"ठाऊक आहे. गोणीला हात लाव त्यांच्या."

पुढे माल ट्रकवर गेला. बेळगावची लाईन रुंद झाली, मग पंढरपूरचीही. आषाढीला टपापर्यंत माणसांनी भरलेली ती छोटी गाडी गेली, गोण्या गेल्या, वस्तीतली घरं एकेक करून बंद झाली. मी स्वतः रेल्वेत रूळ टाकण्यातच नोकरी काढली. रुंदीकरण हवंच होतं, हे मला पटतं. तरी सुट्टीत मिरजेला उतरलो की पाय त्या शेडच्या बाजूला वळतात.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली गाडी निघाली, तीही याच पंढरपूरच्या मार्गानं. मी सरांना फोन केला. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. "किती वाघिणी?" एवढंच विचारलं.

"दहा, सर. पाच लाख लिटर."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आबा असते तर छोट्या लाईनीचा हिशेब त्यांनाच विचारला असता."